पस्तिशी ओलांडलेला फ्री एजंट घ्यावा की नाही? बेसबॉलचा ऑफसीझन पहिल्यांदाच फॉलो करणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेसबॉलची एकही मॅच नसते आणि तरी माझा फोन सारखा वाजत असतो, कोण कुठे सही करतोय, कोणाला किती वर्षं मिळाली, आणि आमच्या बाल्टिमोर ओरिओल्सनी परत कुठला चाळिशीतला पिचर (बॉल टाकणारा) उचलला. मेरीलँडला राहायला आलो तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. क्रिकेटवर वाढलेला माणूस, वाटायचं आयपीएलसारखं ऑक्शन असेल, हातोडा पडेल, संपलं. इथे तसलं काही नसतं. एजंट, मालक, जनरल मॅनेजर (टीम बांधणारा माणूस) यांचं तीन-चार महिने गुऱ्हाळ चालतं आणि त्यात सगळ्यात जास्त भांडणं होतात ती वय झालेल्या खेळाडूंवरून.

तर ज्यांनी नुकतंच मेजर लीग, म्हणजे इथली सगळ्यात वरची बेसबॉल लीग, बघायला सुरुवात केलीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. फ्री एजंट म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपून कुठल्याही टीमबरोबर सही करायला मोकळा झालेला खेळाडू. असा वय झालेला माणूस घेताना किती पैसे हा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न असतो किती वर्षं, आणि तो टीममध्ये जी जागा अडवणार ती कोणाची.

पायरी १: बाजारात वय झालेलेच का असतात ते समजून घ्या

नवीन माणूस विचारतो, अरे तरुण पोरं का नाही घेत? कारण ती बाजारात येतच नाहीत. मेजर लीगमध्ये ६ वर्षांची सर्व्हिस झाल्याशिवाय खेळाडू फ्री एजंट होत नाही, आणि एक वर्ष मोजायला सीझनचे १७२ दिवस टीमच्या यादीत असावं लागतं. आता पोरगं तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी वर आलं असं धरा, म्हणजे मोकळं होईपर्यंत एकोणतीस-तीस झालेच. आणि बहुतेक बॅटर्सचा उमेदीचा काळ साधारण २६ ते २९ मानतात. म्हणजे सिस्टीमच अशी आहे की माल दुकानात येतो तो सीझन सरत आल्यावर.

जूनमधला हापूस कसा असतो, पहिला पाऊस पडून गेल्यावरचा? काही फळं अजूनही एक नंबर, काही आतून गेलेली, आणि बाहेरून दोन्ही सारखीच पिवळीधमक. जनरल मॅनेजरचं काम म्हणजे तो हापूस न कापता ओळखायचा.

पायरी २: कॅलेंडर पाठ करा

वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, संपली की दुसऱ्या दिवसापासून कॉन्ट्रॅक्ट संपलेले फ्री एजंट होतात, पण दुसऱ्या टीमबरोबर सही करायला ५ दिवस थांबावं लागतं. डिसेंबरमध्ये विंटर मीटिंग्ज, सगळ्या ३० टीमची माणसं एका हॉटेलात, अफवांचा पाऊस. फेब्रुवारीच्या मध्यावर ॲरिझोना आणि फ्लोरिडात स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे सीझनआधीचा सराव. मार्चअखेर सीझन.

मोठ्या नावांचे सौदे बरेचदा डिसेंबरमध्ये उरकतात, पण पस्तिशीच्या पुढचे लोक जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत लटकलेले असतात. त्यामुळे डिसेंबरमध्येच 'आमची टीम झोपलीये का' म्हणून बोंबलू नका, मीही बोंबलायचो. भाव उतरायची वाट बघणं ही पण स्ट्रॅटेजीच असते, फक्त कधीकधी वाट बघता बघता चांगला माणूस शेजारची टीम घेऊन जाते.

पायरी ३: बाजाराची पिशवी उचलण्याआधी फडताळ उघडून बघा

ही पायरी नवखे लोक हमखास गाळतात. सरळ यादी उघडतात आणि नाव मोठं दिसलं की हा पाहिजे. आधी आपल्या टीममध्ये जागा किती ते मोजा.

रोस्टर, म्हणजे टीमची यादी, २६ जणांचं. त्यात पिचर जास्तीत जास्त १३. म्हणजे राहिले १३. रोजचे ९ बॅटर, डेझिग्नेटेड हिटर (फील्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा) धरून. एक बॅकअप कॅचर (आपला विकेटकीपर समजा) लागतोच. उरले ३. या तिघांमध्ये कोणी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा) खेळू शकणारा पाहिजे, कोणी आउटफिल्डला पळू शकणारा पाहिजे. आता सांगा, ज्याला फक्त बॅटिंग येते आणि ग्लोव्ह घालून उभं केलं तर गुडघा धरतो असा ३७ वर्षांचा माणूस कुठे बसवणार? तो डेझिग्नेटेड हिटर म्हणूनच बसणार. आणि तिथे तो कायमचा बसला की तुमच्या कॅचरला अधूनमधून तिथून नुसती बॅटिंग करून पायांना आराम द्यायची सोय गेली.

मेजर लीगचे दोन भाग आहेत, त्यातल्या नॅशनल लीगमध्ये पूर्वी ही जागाच नव्हती, पिचर स्वतः बॅट घेऊन जायचा. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये आली, त्यामुळे म्हाताऱ्या बॅटर्सना गिऱ्हाईक वाढलं, पण जागा प्रत्येक टीममध्ये एकच.

पायरी ४: खेळाडू वाचायचा कसा

गेल्या वर्षीचं बॅटिंग ॲव्हरेज (बॅटिंगच्या दर खेपेमागे किती हिट, क्रिकेटसारखं नाही) बघून ठरवू नका. गेल्या वर्षाचे पैसे कोणीतरी देऊन झालेत, तुम्ही पुढचं वर्ष विकत घेताय. मी काय बघतो ते सांगतो.

पहिलं, तीन वर्षांत किती मॅच खेळला. सीझन १६२ मॅचचा, सहा महिने, आठवड्यातून सहा-सात दिवस. इथे आयपीएलचं उदाहरण देणारे भेटतात, २०१८ ची चेन्नई, सगळे तिशीपार, लोक 'डॅडीज आर्मी' म्हणून हसले आणि वानखेडेवर फायनलला ३६ वर्षांच्या वॉटसननं ५७ बॉलमध्ये नाबाद ११७ मारून कप नेला. बरोबर आहे, पण ते दीड-दोन महिन्यांचं काम होतं. एप्रिलमध्ये झकास दिसणारे पाय ऑगस्टच्या दमट गरमीत तसेच राहतील का हा बेसबॉलचा प्रश्न आहे.

दुसरं, पाय. वय आधी पायात दिसतं. बेसबॉल सॅव्हंट नावाची साइट फुकट आहे, त्यावर स्प्रिंट स्पीड मिळतो, लीगचं ॲव्हरेज सेकंदाला २७ फुटांच्या आसपास. दरवर्षी थोडा थोडा घटत असेल तर ठीक, सगळ्यांचाच घटतो. एका वर्षात धाडकन पडला असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय.

तिसरं, बॉल बॅटवरून किती जोरात निघतो. ताशी ९५ मैलांच्या वरचे फटके मोजतात. ॲव्हरेज पडलंय पण फटके तेवढेच जोरात आहेत, तर कदाचित नशीब वाईट होतं, आणि अशाच ठिकाणी स्वस्तात माल मिळतो. उलट ॲव्हरेज चांगलं पण बॅट मंदावलेली, फास्टबॉलला उशीर होतोय, तर पळा. नजर मात्र शेवटपर्यंत टिकते बरं का, कुठला बॉल सोडायचा हे म्हाताऱ्याला चांगलं कळतं, पण बॅट वेळेवर येत नसेल तर पिचर त्याला घाबरणं सोडतात आणि सरळ मधोमध टाकतात, मग त्या नजरेचा उपयोग काय.

पिचरचं गणित वेगळं. फास्टबॉलचा वेग, टाकलेल्या इनिंग्ज आणि कोपर-खांद्याच्या सर्जरीचा इतिहास. इथे वय एकटं खोटं बोलू शकतं. जस्टिन व्हरलँडर टॉमी जॉन सर्जरी (कोपराच्या लिगामेंटची) करून परत आला आणि २०२२ मध्ये, ३९ व्या वर्षी, ह्यूस्टनसाठी १.७५ च्या ईआरएनं (नऊ इनिंग्जमागे दिलेले रन, जितके कमी तितकं चांगलं) साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, जिंकला. पुढच्याच हिवाळ्यात न्यूयॉर्क मेट्सनी त्याला २ वर्षांचे साधारण ८.६७ कोटी डॉलर दिले. त्याच्या आधीच्या वर्षी ३७ वर्षांच्या मॅक्स शर्झरला ३ वर्षांचे १३ कोटी दिलेच होते. २०२३ चा सीझन अर्धा होतो न होतो तोच दोघांनाही ट्रेड करून टाकलं, आणि त्या वर्षी मेट्स ७५ जिंकले, ८७ हरले. हा ७५-८७ आकडा लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

आणि एकाच माणसाची दोन सलग वर्षं बघायची असतील तर कार्लोस सँटाना. २०२४ ला मिनेसोटा ट्विन्सनी त्याला ५२.५ लाख डॉलरला घेतला, पठ्ठ्यानं २३ होमरन मारले आणि ३८ व्या वर्षी करिअरमधला पहिला गोल्ड ग्लोव्ह (फील्डिंगचं बक्षीस) मिळवला. २०२५ ला क्लीव्हलँडनं १.२ कोटी मोजले, दुपटीहून जास्त. ॲव्हरेज .२२५, होमरन ११, ऑगस्टमध्ये रिलीज. तोच माणूस, मध्ये फक्त एक हिवाळा.

पायरी ५: वर्षं मोजा, मग पैसे

आता खरा मुद्दा. मेजर लीगचं कॉन्ट्रॅक्ट सहसा पूर्ण गॅरंटीड असतं. खेळाडू फॉर्ममधून गेला, जखमी झाला, बेंचवर बसला, तरी पैसे द्यायचेच. म्हणून एका वर्षाची चूक सर्दीसारखी, सहा महिन्यांत जाते. सात वर्षांची चूक म्हणजे जुना दमा.

माझ्या टीमचाच किस्सा. २०१४ च्या फेब्रुवारीत नेल्सन क्रूझला कोणी घेईना. वय ३३, आदल्या वर्षी ५० मॅचची बंदी भोगलेली, टेक्ससची क्वालिफाइंग ऑफर (ती काय ते पायरी ६ मध्ये) नाकारलेली. ओरिओल्सनी एका वर्षाचे ८० लाख डॉलर दिले. त्यानं ४० होमरन मारले, त्या वर्षी अख्ख्या मेजर लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि टीम ९६ मॅच जिंकून डिव्हिजन घेऊन गेली. हिवाळ्यात क्रूझ परत बाजारात, आता वय ३४, आणि सिॲटलनं ४ वर्षांचे ५.७ कोटी दिले. आमच्याकडच्यांनी तेवढं केलं नाही. कागदावर शहाणपणाच होता तो, ३४ वर्षांच्या माणसाला ४ वर्षं कोण देतं? पुढच्या ४ वर्षांत क्रूझचे होमरन: ४४, ४३, ३९, ३७.

थांबा, खरी गंमत पुढे आहे. त्याच ओरिओल्सनी २०१६ च्या जानेवारीत स्वतःच्या ख्रिस डेव्हिसला ७ वर्षांचे १६.१ कोटी दिले. वय २९. तरुणच म्हणायचा! आदल्या सीझनला ४७ होमरन. आणि २०१८ ला ॲव्हरेज .१६८, मग २०१८-१९ मिळून सलग ५४ ॲट-बॅट (बॅटिंगच्या खेपा) एकही हिट नाही, हा रेकॉर्डच. २०२१ ला रिटायर झाला. त्यातले ४.२ कोटी नंतर द्यायचे ठरले होते, ते हप्ते २०३७ पर्यंत चालू राहणार आहेत. माझा मुलगा तोपर्यंत नोकरीला लागलेला असेल.

यातून 'म्हातारे चांगले आणि तरुण वाईट' असं काढू नका. आल्बर्ट पुहोल्सचं बघा, सेंट लुईसला ११ वर्षं देवमाणूस, ४४५ होमरन, ॲव्हरेज .३२८. एंजल्सनी ३१ व्या वर्षी १० वर्षांचे २४ कोटी दिले आणि शेवटच्या वर्षी मे महिन्यात रिलीज करावा लागला. मग २०२२ ला सेंट लुईसनं एका वर्षासाठी २५ लाखाला परत आणला, मुख्यतः डावखुऱ्या पिचरविरुद्ध खेळवलं, आणि ४२ व्या वर्षी त्यानं २४ होमरन मारून ७०३ वर करिअर संपवलं. माणूस तोच, कॉन्ट्रॅक्टची लांबी आणि काम वेगळं.

म्हणून बातमी आली की आधी वर्षं वाचा. एक वर्ष असेल तर चिडायचं कारण नाही. दोन असतील तर विचार करा. ३५ च्या पुढे तीन दिसली तर विचारा की तिसरं वर्ष कोणाच्या हट्टापायी आलं. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, दुसरी कुठली तरी टीम दोन देत होती.

पायरी ६: टॅक्स आणि क्वालिफाइंग ऑफर, पटकन

टीमच्या पगाराला वरची मर्यादा नाहीये, पण लक्झरी टॅक्स आहे. २०२५ ला रेषा २४.१ कोटी डॉलर, २०२६ ला २४.४ कोटी. रेषेच्या वर गेलेल्या रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०. आणि हिशेब धरतात तो एकूण रक्कम भागिले वर्षं असा, म्हणून कधीकधी टीम मुद्दाम एक वर्ष जास्त देते, वर्षाचा आकडा खाली दिसावा म्हणून.

क्वालिफाइंग ऑफर म्हणजे जुनी टीम खेळाडूला एका वर्षाची ठरावीक ऑफर देते, २०२५ च्या हिवाळ्यात ती २.२०२५ कोटी होती. नाकारून दुसरीकडे गेला तर घेणाऱ्या टीमला ड्राफ्टमधले पिक (तरुण खेळाडू निवडायच्या पाळ्या) गमवावे लागतात. वय झालेल्यासाठी हे घोंगडं भलतंच जड, एक-दोन वर्षांच्या माणसापायी पिक कोण घालवणार? २०२४ च्या हिवाळ्यात १३ जणांना ऑफर गेली, घेतली फक्त एकानं, सिनसिनाटीच्या ३४ वर्षांच्या निक मार्टिनेझनं. त्या वयात एवढे पैसे समोर आले तर घ्यावेत, मी असतो तर पळत जाऊन सही केली असती. एका खेळाडूला ही ऑफर आयुष्यात एकदाच मिळते, त्यामुळे बऱ्याच सीनियर लोकांच्या गळ्यात हे लोढणं नसतंच, नाव दिसलं की आधी हे तपासा.

हे नियम सध्याच्या कामगार करारातले आहेत आणि तो करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, त्यानंतर नव्यानं शिकावं लागेल हे धरून चाला.

पायरी ७: तो कोणाच्या जागेवर बसणार?

इथे ओरिओल्सचा २०२४-२५ चा हिवाळा अभ्यासक्रमाला लावावा असा. टीम २०२३ ला १०१ जिंकलेली, २०२४ ला ९१, पोरं तरुण, मालक नवीन, सगळ्यांना वाटलं आता तिजोरी उघडणार. नंबर एकचा पिचर कॉर्बिन बर्न्स फ्री एजंट झाला आणि ॲरिझोनाला गेला, ६ वर्षं, २१ कोटी. आमच्याकडे कोण आलं? ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन, एक वर्ष, १.५ कोटी. जपानहून ३५ वर्षांचा तोमोयुकी सुगानो, एक वर्ष, १.३ कोटी. मार्चमध्ये ३७ वर्षांचा काइल गिब्सन, ५२.५ लाख.

वर्षांच्या हिशेबानं तिन्ही सौदे निर्दोष. मी स्वतः ऑफिसात लोकांना समजावत फिरत होतो की बघा किती सेफ खेळलेत. आणि बर्न्सचा कोपर जूनमध्ये गेला, टॉमी जॉन, म्हणजे तो न घेणं बरोबरच ठरलं की! पण सीझनचं काय झालं? मॉर्टनला सुरुवातीला इतका धुतला की बुलपेनमध्ये, म्हणजे मॅचच्या मध्ये बॉल टाकायला येणाऱ्यांत, पाठवावं लागलं, नंतर सावरला, जुलैअखेर डेट्रॉइटला ट्रेड. गिब्सन ४ स्टार्ट (मॅच सुरू करायच्या पाळ्या), ईआरए १६.७८, मेमध्ये रिलीज. मे महिन्यातच मॅनेजर (मैदानावरचा मुख्य कोच) ब्रँडन हाइडची नोकरी गेली. सुगानोनं मात्र ३० स्टार्ट केले, ईआरए ४.६४, ग्रेट नाही पण बॉल हातात घेऊन दर पाच-सहा दिवसांनी उभा राहिला, त्या पैशात मला तरी चाललं. टीम ७५-८७. सांगितलं होतं ना आकडा परत येणार म्हणून.

चूक कुठे झाली? माझं मत सांगतो, वाद घाला खुशाल. एक म्हातारा घेणं म्हणजे जुगार, तीन एकदम घेणं आणि तेही रोटेशनमध्ये (मॅच सुरू करणाऱ्या पिचरच्या आळीपाळीत), म्हणजे एकाच फांदीला तीन झोके बांधणं. रोटेशनच्या जागा पाच. तरुण पिचर आधीच जखमी होते, तिथे भरवशाचा माणूस हवा होता आणि आपण आणले तिघंही असे की ज्यांचा भरवसा महिन्याभरात कळणार.

शिवाय आणखी एक नियम बघा. तरुण खेळाडू खेळत नसेल तर त्याला मायनर लीगमध्ये (खालच्या लीगमध्ये) पाठवता येतं. ५ वर्षांच्या वर सर्व्हिस असलेल्याला त्याच्या परवानगीशिवाय पाठवता येत नाही. म्हणजे पर्याय दोनच, खेळवत राहा किंवा सोडून द्या. जनरल मॅनेजरला सोडवत नाही कारण पैसे दिलेत, आणि मॅनेजरला बसवता येत नाही कारण क्लबहाऊसमध्ये त्याचा मान आहे. मग सहा आठवडे नुसते ढकलले जातात. त्या सहा आठवड्यांत खालचं चोवीस वर्षांचं पोरगं, ज्याचा अख्ख्या वर्षाचा पगार ७.६ लाख डॉलर होता २०२५ ला, कमीत कमी पगार तोच, ते नॉरफोकला, ओरिओल्सच्या मायनर लीग टीमकडे, बसून वाट बघतं.

पायरी ८: फुकटातला पर्याय

फेब्रुवारी संपत आला तरी काम न मिळालेल्यांना मायनर लीग कॉन्ट्रॅक्ट आणि स्प्रिंग ट्रेनिंगचं आमंत्रण मिळतं. यात मेजर लीगच्या रोस्टरवर जागा जात नाही. पोहलात तर पोहलात. कधीकधी सीझन चालू असतानाही घेतात, २०२५ ला कॅन्सस सिटीनं रिच हिलला असंच घेतलं आणि जुलैमध्ये ४५ व्या वर्षी तो त्याच्या चौदाव्या टीमसाठी उतरला, एडविन जॅक्सनच्या रेकॉर्डशी बरोबरी. दोन मॅच खेळला आणि टीमनं मोकळा केला, कोणाचंच काही बिघडलं नाही. पस्तिशीपुढच्या पिचरसाठी मला हा प्रकार सगळ्यात जास्त आवडतो, पण नावाजलेले लोक अर्थातच याला आधी तयार होत नाहीत.

पायरी ९: स्वतः करून बघा

एक टीम निवडा. एकच, तीसच्या तीस घेऊ नका, डोकं फिरेल. एका शीटवर २६ जागा लिहा, कोण कुठे ते भरा, रिकाम्या जागांना रंग द्या. मग ३४ च्या पुढचे फक्त तीन फ्री एजंट घ्या आणि प्रत्येकापुढे पाच गोष्टी: जन्मतारीख, तीन वर्षांत खेळलेल्या मॅच किंवा इनिंग्ज, स्प्रिंट स्पीड किंवा फास्टबॉलचा वेग वर चाललाय का खाली, तुम्ही किती वर्षं द्याल, आणि तो बिघडला तर जूनमध्ये त्याच्या जागी कोण. पाचवा रकाना रिकामा राहिला तर तो खेळाडू घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. कॉन्ट्रॅक्टचे आकडे स्पॉट्रॅकवर मिळतात, बाकीचं फॅनग्राफ्स आणि बेसबॉल रेफरन्सवर.

भारतातून फॉलो करत असाल तर मोठ्या बातम्या तिकडे पहाटे फुटतात, विंटर मीटिंग्जच्या आठवड्यात सकाळचा चहा घेऊन बसा.

शीटवर तारीख टाका आणि १ जुलैला उघडा. मधल्या काळात त्यात खाडाखोड करायची नाही. माझ्या २०२५ च्या शीटमध्ये गिब्सनच्या पुढे पाचव्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'गरज पडणार नाही'.